आईची छाती हेच औषध



संग्रामपूरच्या सातपुडा पायथ्याच्या गावांतील अपुऱ्या दिवसांच्या बाळाला अतिदक्षता कक्षात औषधांइतकीच आईची ऊब हवी असते. डायपर व टोपी घातलेले बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवणे म्हणजे कांगारू मदर केअर. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांनी ती सुरू केली. बाळाचा श्वास स्थिरावतो, रडे थांबते, आईला दूध चांगले येते. जागतिक आरोग्य संघटना रोज ८ ते २४ तास सांगते. गंभीर बाळासाठी मात्र डॉक्टरांचा सल्ला हवा. वडील, आजीही बाळ घेऊ शकतात.

पण मजुरी बुडते, घरी दुसरी लेकरे असतात. आई दवाखान्यात थांबणार कशी? तिच्या मुक्कामाचा आणि जेवणाचा भार उचलणे, हीच आपली सेवा. प्रार्थनेत या मातांची आठवण ठेवा.