पक्कड सोडत नाही तोवर

विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप मे महिन्यात दोनदा बंद पडला. मोटार ठणठणीत होती. पॅनेल उघडलं, तर मोटार चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरजवळच्या एका वायरचं आवरण काळं पडून ठिसूळ झालेलं. इलेक्ट्रिशियनने मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली आणि ती वायर ओढली. वायरच्या टोकावर चेपलेलं धातूचं थिंबल स्क्रूखालीच राहिलं, वायर तेवढी हातात आली.

"काका, हे साध्या पकडीनं चेपलंय."

सांधा ढिला की रोध वाढतो. 10 अँपिअर वाहताना 0.1 ओहम जरी वाढला, तरी नखाएवढ्या जागेत 10 वॉट उष्णता. जळेल नाही तर काय!

त्याने पिशवीतून रॅचेटचं क्रिम्पिंग टूल काढलं, तपकीर गल्लीतून आणलेलं. जबड्यावर लाल, निळा, पिवळा ठिपका. थिंबलांचे रंगही तेच. लाल 0.5 ते 1.5 चौरस मिलिमीटरच्या वायरला, निळं 1.5 ते 2.5, पिवळं 4 ते 6. आमची वायर अडीचची, म्हणजे निळं.

वेळ गेला तो दाबण्याआधीच. स्ट्रिपरने आवरण काढून एकही तार तुटली नाही ना, हे त्याने उजेडात पाहिलं. वायर थिंबलच्या नळीत सरकवली. तांब्याची टोकं पलीकडे मिलिमीटरभर दिसली. सोल्डर लावून तारा कडक केल्या तर? "अजिबात नको. दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरतं, सांधा परत ढिला." जबड्यात दोन खाचा: एक तांबं आवळते, दुसरी आवरण. उलटं धरलं तर सगळंच फुकट.

मग कट, कट, कट. टूल मी हातात घेतलं आणि अर्ध्यावर मूठ सैल केली, पण जबडा उघडेना. पूर्ण दाब बसल्याशिवाय रॅचेट सोडतच नाही. अडकलंच तर सोडवायला आत छोटी कळ असते. पण मग ते थिंबल फेकायचं. हा हट्टीपणा मला फार आवडला. दमलेल्या हातालाही ते सवलत देत नाही.

तरी माझं पहिलं थिंबल ओढताच निघालं. घाईत मी वायरचं आवरणच तांब्याच्या नळीत कोंबलं होतं, आणि रॅचेट मात्र नेहमीच्याच रुबाबात सुटलं होतं. त्याने न बोलता ते कापलं आणि वायर पुन्हा माझ्याकडे दिली.

जळलं होतं एकच थिंबल. त्याने पॅनेलमधली अकराही बदलली.