आधी भिरकवायचा, मग पेटवायचा

श्रीहरिकोट्यात अग्निबाणाखाली काँक्रीटचा भक्कम तळ असतो आणि ऐन वेळी काही बिनसलं तर उलटी गणती थांबवणारी माणसं असतात. मंगळावर यातलं काहीच नाही. नासाची ‘पर्सिव्हरन्स’ बग्गी २०२१ पासून मंगळावरच्या जेझेरो विवराच्या परिसरात खडकांचे नमुने नळ्यांत भरते आहे. ते मंगळाच्या कक्षेत पोचवण्यासाठी नासानं ‘मार्स असेंट व्हेइकल’ नावाचा अग्निबाण आखायला घेतला. परग्रहाच्या पृष्ठभागावरून आजवर कुणीही अग्निबाण उडवलेला नाही. त्यामुळे पेचाची सुरुवात अगदी साध्या प्रश्नापासून झाली : हा पेटवायचा कुठे?

सुमारे ४०० किलोचा हा अग्निबाण मंगळावर उतरलेल्या यानाच्या पाठीवर आडवा असणार. तिथेच पेटवला तर त्या झोताच्या धक्क्यानं यान घसरेल किंवा कलंडेल, आणि अग्निबाणाची दिशा निघतानाच चुकेल. अभियंत्यांनी मग सगळा क्रमच उलटा केला. आधी अग्निबाण वर भिरकवायचा आणि तो हवेत असतानाच पेटवायचा!

कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत २०२१ मध्ये याच्या २३ चाचण्या झाल्या. वायूच्या दाबावर चालणारे दट्टे बसवलेला पाळणा, त्यात ४०० किलोची प्रतिकृती आणि वर १३ मीटरचा मनोरा. मंगळावर वजन पृथ्वीच्या जेमतेम ३८ टक्के भरतं, म्हणून मनोऱ्यावरून सोडलेल्या तारांनी निम्म्याहून अधिक भार तोलून धरला होता. दट्टे सुटले की प्रतिकृती सेकंदाला ५ मीटर वेगानं उसळून ३.३ मीटरपर्यंत जाई, आणि उसळतानाच तिचं नाक आकाशाकडे वळे. दर खेपेला वजन आणि गुरुत्वमध्य बदलून पाहिले. खालचं यान किती हिंदकळेल हे मोजायला पाळण्याखाली स्प्रिंगाही बसवल्या.

इंधनाचा किस्सा वेगळाच. बराच काळ मेणापासून बनवलेलं इंधन शर्यतीत होतं. ते मंगळाची थंडी सोसतं आणि त्याच्या जोडीचा द्रवरूप ऑक्सिडायझर उणे ५५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. पण २०२० च्या सुमारास कौल घन इंधनाला मिळाला. त्याची तंत्रविद्या अधिक मुरलेली होती. ‘स्पिरिट’ आणि ‘ऑपॉर्च्युनिटी’ या बग्ग्या मंगळावर उतरताना घन इंधनाच्याच मोटारी पेटल्या होत्या. २०२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये या अग्निबाणाच्या दोन्ही टप्प्यांच्या मोटारी पेटवून पाहण्यात आल्या.

मला सर्वांत धाडसी वाटतो तो दुसऱ्या टप्प्याचा निर्णय. त्याला दिशा सांभाळणारी यंत्रणाच ठेवली नाही. पहिला टप्पा नेम धरून देणार आणि दुसरा भोवऱ्यासारखा गरगरत तो टिकवणार. इथे वाचलेला प्रत्येक किलो मोलाचा, कारण वरचं वजन जितकं वाढेल तितकं खाली इंधन वाढवावं लागतं, आणि हा सगळा बोजा आधी मंगळावर सुखरूप उतरवावाही लागतो.

पुढे नमुने पृथ्वीवर आणण्याच्या या मोहिमेच्या खर्चाचा अंदाज ८ ते ११ अब्ज डॉलरवर गेला, आणि २०२५ मध्ये अमेरिकी सरकारनं ती गुंडाळण्याचा प्रस्ताव मांडला. मोहीम कागदावर थांबवता येते, पण अग्निबाण पेटण्याआधी भिरकवता येतो हे सिद्ध झालेलं आहे. मंगळाचे नमुने आणायला चीनची ‘तियानवेन-३’ मोहीम २०२८ च्या सुमारास निघायची आहे. पाय रोवायला जागा नसलेल्या जमिनीवरून उड्डाण कसं करायचं, हा प्रश्न तिलाही सोडवावा लागेल. तिथून पहिला अग्निबाण कोणत्याही देशाचा उडो, या २३ चाचण्यांना त्याच्या इतिहासात मानाचं पान मिळायलाच हवं.