स्वारानें केव्हां उतरावें?

नोकरींतून निवृत्त होण्यांत एक मोठी सोय असते. निवृत्तीची तारीख आपली आपणांस ठरवावी लागत नाहीं. आम्हीं ३४ वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. वयाचीं ५८ वर्षें पुरीं झालीं, त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशीं हातांतील खडू खालीं ठेवला, गळ्यांत हार पडला, आणि आम्ही घरीं आलों. आणखी शिकवितां आलें असतें कीं नाहीं, हें आम्हांस कोणीं विचारलें नाहीं व आम्हींही स्वतःस विचारलें नाहीं. परंतु ज्या उद्योगास अशी तारीख नाहीं, जो मनुष्य केवळ आवडीनें करतो आणि ज्यांत हातपाय मोडण्याची भीति आहे, त्यांतून त्यानें केव्हां बाहेर पडावें? हा प्रश्न तीन वर्षें आमच्या घरीं मुक्कामास होता. त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण त्या प्रकरणांत सर्वांत मोठी चूक झाली ती आमच्या हातून.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा आज ४६ वर्षांचा आहे. भोसरीस त्याचा लहानसा कारखाना आहे. घरांत आई, पत्नी व दोन मुलें आहेत. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून त्याला मातीच्या मैदानावर मोटारसायकल पळविण्याचा नाद. आमच्या वहिनी त्या यंत्रास अजून फटफटीच म्हणतात, आणि दर रविवारीं ती अंगणांतून बाहेर पडली कीं तोंडानें कांहीं न बोलतां देवघरांत जाऊन बसतात.

खेळ कसा असतो

ही शर्यत डांबरी रस्त्यावरची नव्हे. मुद्दाम खणून-भरून तयार केलेला मातीचा वळणावळणाचा मार्ग, त्यांत खळगे, चढउतार आणि पुरुषभर उंचीचे बांध. बांधावरून यंत्रासह हवेंत उडावयाचें व पलीकडील उतारावर उतरावयाचें. यंत्राचें वजन सुमारें १०० किलो. स्वार आसनावर फारसा बसतच नाहीं. फूटरेस्टवर उभा राहून गुडघे व कोपरें यांनीं धक्के सोसतो. १९२४ सालीं इंग्लंडांत सरे परगण्यांतील कॅम्बर्ली येथें अशी शर्यत झाली, तेथून या खेळाचा आरंभ मानतात. इंग्रज तिला स्क्रॅम्बल म्हणत. पुढें युरोप खंडांत मोटोक्रॉस हें नांव पडलें आणि १९५७ पासून जागतिक अजिंक्यपदाचे सामने होऊं लागले. त्या सामन्यांत एक फेरी ३० मिनिटें व वर दोन प्रदक्षिणा अशी असते, आणि एका दिवसांत अशा दोन फेऱ्या असतात. त्या सबंध वेळांत हृदयाचे ठोके आपल्या कमाल मर्यादेच्या आसपासच राहतात. यंत्र पळतें आणि मनुष्य नुसता बसतो, ही आमची समजूत किती खुळी होती, हें आम्हांस मैदानावर गेल्यावर कळलें.

वयाचा हिशेब या खेळांत कडक आहे. तिशीनंतर स्नायूंचें बळ हळूहळू उतरूं लागतें. हृदयाची कमाल गति वर्षागणिक सुमारें एका ठोक्यानें घटते. मोडलेलें हाड सांधावयास अधिक दिवस लागतात. उन्हांतून सावलींत शिरतांना डोळे सरावण्यास उशीर होतो. आपल्या भाषेनें तर चष्म्यासच चाळिशी म्हणून ठेवलें आहे! पण यांतील एकही गोष्ट एका सकाळीं होत नाहीं, म्हणूनच ती स्वाराच्या ध्यानीं येत नाहीं.

शपथेचा परिणाम

तीन वर्षांपूर्वीं एका रविवारीं दुपारीं दूरध्वनि आला. पोरगा पडला होता. गळ्याजवळचें हाड मोडलें होतें, मनगट मोडलें होतें, आणि कांहीं मिनिटें शुद्ध हरपली होती. आम्ही रुग्णालयांत पोंचलों तेव्हां तो आमच्याकडे पाहून म्हणाला, “काका, शर्यत संपली का?” आम्हीं होय म्हटलें. थोड्या वेळानें त्यानें तेंच विचारलें. मग पुन्हां तेंच. डॉक्टर म्हणाले कीं, मेंदूस हादरा बसला म्हणजे असें होतें, एकदोन दिवसांत निवळेल. तें निवळलें, पण त्या तीन प्रश्नांनीं वहिनींच्या चेहऱ्यावर जी कळा आली ती आम्हांस पाहवेना.

चौथ्या दिवशीं आम्हीं घरांतील वडीलपणाचा अधिकार वापरला. त्याच्या उशाशीं बसून, आईच्या गळ्याची शपथ घालून, “पुन्हां त्या मैदानावर पाऊल ठेवणार नाहीं,” असें त्याच्याकडून वदवून घेतलें. घरांतील सर्वांनीं सुटकेचा श्वास सोडला. आम्हीही मोठें कर्तव्य पार पाडलें अशा समाधानांत होतों.

आठ महिन्यांनंतर सूनबाईंस मोटारीच्या डिकींत पिशवीखालीं चिखलानें माखलेले बूट सांपडले. कारखान्याच्या कामाची सबब सांगून तो तीन महिने मैदानावर जात होता. शपथ मोडली याचें आम्हांस दुःख झालें. परंतु खरा धक्का पुढेंच होता. कोणास कळूं नये म्हणून तो आडवेळीं एकटा जात असे. पडला असता तर उचलावयास कोणी नव्हतें. आणि डोक्यास तेंच जुनें हेल्मेट होतें, जें घालून तो पडला होता! जोराचा आघात सोसलेलें हेल्मेट पुन्हां वापरूं नये, कारण आंतील अस्तर एकदां दबलें म्हणजे दुसरा आघात तें झेलूं शकत नाहीं, हें त्यालाही ठाऊक होतें. पण नवें विकत आणलें तर घरांत बिंग फुटेल, या भीतीनें त्यानें आणलें नाहीं.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. आमच्या शपथेनें त्याचें रक्षण केलें नव्हतें. ज्या सोबतीमुळें व ज्या साधनांमुळें धोका कमी होतो, तीं मात्र तिनें काढून घेतलीं होतीं. दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्याला जवळ बोलावून म्हटलें, “चूक तुझी आहेच, पण आधीं आमची.” तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काका, तुम्हीं सोड म्हणालांत. सोडून काय करूं, तें कोणी सांगितलं नाहीं.”

थोरांचीं उदाहरणें

मग आम्हीं या खेळांतील नामांकित स्वारांचीं चरित्रें चाळण्यास आरंभ केला. एक आयुष्यभर पंचतंत्र शिकविणारा मास्तर, उदाहरणावांचून त्याचें पाऊल कसें पडावें?

बेल्जियमच्या स्टेफन एव्हर्ट्सनें दहा वेळां जागतिक अजिंक्यपद मिळविलें. शेवटचें २००६ सालीं. त्या वर्षीं पंधरांपैकीं चौदा सामने त्यानें जिंकले, आणि त्याच वर्षीं, वयाच्या चौतिसाव्या वर्षांत, तो थांबला. इटलीचा अंतोनियो कैरोली नऊ वेळां जगज्जेता. तो २०२१ पर्यंत, म्हणजे वयाच्या छत्तिसाव्या वर्षापर्यंत, पूर्णवेळ खेळला आणि त्या वर्षीं मांतोव्हा येथें राष्ट्रसंघांच्या सामन्यांत आपल्या देशाला विजयी करूनच निघाला. अमेरिकेचा रायन डंजी २०१७ सालीं अजिंक्यपद हातीं असतांना सत्ताविसाव्या वर्षींच थांबला. शरीर नव्हे, मन थकलें होतें. पण २०२२ सालीं तोच एका मोसमापुरता पुन्हां उतरला. त्याच्याच देशाच्या रायन व्हिलोपोटोला २०१५ सालच्या अपघातानंतर सव्विसाव्या वर्षीं थांबावें लागलें. उलट, अमेरिकेंतच प्रौढांसाठीं तीस, चाळीस, पन्नास, साठ अशा वयोगटांच्या शर्यती होतात आणि नातवंडें झालेले लोक त्यांत हौसेनें उतरतात.

मात्र अनुभव म्हणजे चिलखत नव्हे. वाळवंटांतील डाकार शर्यतींत पोर्तुगालचा कसलेला स्वार पाउलो गोन्साल्विस जानेवारी २०२० मध्यें चाळिसाव्या वर्षीं मृत्यु पावला. ती शर्यत पुरी करणारे पहिले भारतीय, बंगळूरचे सी. एस. संतोष, २०२१ सालीं तेथेंच पडून डोक्यास जबर मार लागला व डॉक्टरांस त्यांना औषधानें बेशुद्ध ठेवावें लागलें. सुदैवानें ते शुद्धीवर येऊन मायदेशीं परतले.

या सर्वांवरून निश्चित वय कोणतें निघतें? कोणतेंच नाहीं. पण एका फ्रेंच गृहस्थाचें उदाहरण आमच्या मनांत घर करून राहिलें. स्तेफान पेतरांसेल यानें डाकार शर्यत मोटारसायकलवर सहा वेळां जिंकली, शेवटची १९९८ सालीं. मग त्यानें दोन चाकें सोडून चार चाकें धरलीं आणि मोटारींतून तीच शर्यत आणखी आठ वेळां जिंकली; त्यांतील आठवी २०२१ सालीं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं. तो खेळांतून उठला नाहीं. त्यानें फक्त आसन बदललें. आपल्याकडेही संसारांतून एकदम संन्यास न घेतां मध्यें वानप्रस्थाची पायरी ठेवलेली आहे, ती उगाच नव्हे.

चार रकान्यांची वही

मग आम्ही चौघे, तो, सूनबाई, वहिनी व आम्ही, एका रात्रीं जेवणानंतर बसलों आणि करार ठरविला. शपथ रद्द. नवें हेल्मेट ताबडतोब आणावयाचें. एकट्यानें कधींही जावयाचें नाहीं. डोक्यास पुन्हां मार बसला तर त्याच दिवशीं खेळ बंद, त्यावर चर्चा नाहीं. कारण पहिला हादरा पुरता बरा होण्यापूर्वीं दुसरा बसणें मेंदूस फार घातक असतें. विम्याचे व कारखान्याच्या कर्जाचे कागद सूनबाईंस दाखवून ठेवावयाचे. आणि एक वही ठेवावयाची. तिच्यांत दर रविवारचे चार रकाने: पहिल्या व शेवटच्या प्रदक्षिणेस लागलेला वेळ, अंग किती दिवस दुखलें, किती वेळां पडला, आणि मोठ्या बांधापाशीं किती वेळां मन कचरलें.

शेवटचा रकाना त्यानें स्वतःच सुचविला. त्याचें महत्त्व आम्हांस मागाहून समजलें. मैदानांत एके ठिकाणीं दोन बांध पाठोपाठ असतात. पहिल्यावरून उडून दुसऱ्याच्या पलीकडे उतरावयाचें. पुऱ्या वेगानें गेलेला सुखरूप उतरतो. मुळींच न उडतां सावकाश दोन्ही बांध चढून-उतरून जाणाराही बहुधा सुखरूप असतो. पण जो निघतो आणि ऐन क्षणीं वेग देणारी मूठ किंचित् सैल करतो, तो दुसऱ्या बांधाच्या तोंडावर आपटतो. म्हणजे येथें धैर्य पुरें असावें किंवा मुळींच नसावें; अर्धें धैर्य हेंच सर्वांत धोक्याचें.

चौदा महिने वही चालली. पहिल्या रकान्यांत फारसा फरक नव्हता. दोन सेकंद इकडे, तीन तिकडे. दुसऱ्यांत पूर्वीं ‘मंगळवार’ असे, तेथें ‘गुरुवार’ येऊं लागला. तिसरा जवळजवळ कोराच होता. चौथ्यांत पहिल्या सहा महिन्यांत दोन खुणा होत्या. पुढच्या सहांत अकरा. एका संध्याकाळीं तो वही घेऊन आमच्या खोलींत आला आणि म्हणाला, “काका, वेळ तेवढाच लागतो. पण त्या जोडबांधापाशीं हात आपोआप मागं येतो. मी आणत नाहीं, येतो.” आम्ही कांहींच बोललों नाहीं. बोलण्यासारखें त्यानेंच बोलून टाकलें होतें. त्या मोसमाची एकच शर्यत उरली होती. ती तो धांवला, मध्यावर कोठें तरी आला, आणि घरीं येऊन आईला म्हणाला, “झालं.”

घरानें काय करावें

हा निर्णय रुग्णालयाच्या खाटेवर घेऊं नये, आणि चषक मिळाल्याच्या रात्रींही घेऊं नये. पहिल्या वेळीं भीति बोलते, दुसऱ्या वेळीं मद. धडधाकट असतांना कसोट्या ठरवाव्या आणि त्या लिहून ठेवाव्या. घरच्यांनीं शपथ घालूं नये. पण सर्व कांहीं जाणण्याचा त्यांचा हक्क आहे, आणि ज्याच्यावर चार माणसें अवलंबून आहेत त्यानें त्यांच्यापासून कांहीं लपवूं नये. सोडावयाचें तें पायरीपायरीनें सोडावें: आधीं शर्यत, मग उड्या, मग वेग. आणि खालीं उतरणाऱ्यास पाय ठेवावयास जागा आधीं करून ठेवावी. ती नसेल तर तो उतरणार नाहीं, आणि उतरलाच तर घरांत बसून झुरेल. मल्लखांब असो, गिर्यारोहण असो, किंवा वाड्यांतील वडिलांच्या हातांतील किल्ल्या असोत, न्याय एकच.

आमचा पुतण्या अजूनही रविवारीं मैदानावर जातो. सपाट भागांत स्वतः दोन-चार फेऱ्या मारतो. त्यानंतर पिवळें निशाण घेऊन त्या जोडबांधाच्या बाजूस उभा राहतो. बांधापलीकडे कोणी पडला असेल तर मागून येणाऱ्यास तो दिसत नाहीं. निशाण हललें कीं त्यानें वेग कमी करावयाचा व उडी घ्यावयाची नाहीं, असा नियम आहे. गेल्या महिन्यांत एक अठरा वर्षांचा मुलगा तेथें पडला, आणि मागून येणारे तिघे निशाण पाहून वेळींच सावरले. घरीं आल्यावर त्यानें ही गोष्ट जेवतांना सहज सांगितली. वहिनींनीं त्याच्या पानांत आणखी एक पोळी वाढली, आणि त्या रविवारपासून फटफटी बाहेर पडतांना त्या देवघरांत न जातां ओट्यावर येऊन उभ्या राहूं लागल्या आहेत.