डावखुऱ्या हाताची गिटार



तांजोंग पगारला राहतो असं सांगितलं की पुण्या-मुंबईहून आलेला प्रत्येक पाहुणा एकच विनोद करतो: "म्हणजे पगार तिकडेच मिळतो वाटतं!" मिळतो, आणि घरभाड्यात तिथेच संपतोही. आपला पगार पोर्तुगीजांकडून आलेला. मलय भाषेतला पगार म्हणजे कुंपण, आणि तांजोंग म्हणजे समुद्रात घुसलेलं जमिनीचं टोक. सिंगापूरचं पहिलं कंटेनर टर्मिनल १९७२ साली ह्याच भागात सुरू झालं. इथे जगातली कुठलीही वस्तू मिळते, असं आपण सगळेच भारतात गेल्यावर फुशारकीने सांगतो. माझ्या लेकीच्या हाताला बसेल अशी गिटार मात्र मिळेना. शेवटी सुटे भाग मागवून ती घरी, जेवणाच्या टेबलावर जोडली. काय लागलं, कुठे अडलं, कोणी ह्या वाटेला जावं आणि कोणी जाऊ नये, असं दोघा-तिघांनी विचारलं होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी कारण सांगतो. लेक डावखुरी आहे. दहा माणसांत साधारण एक जण डावखुरा असतो, पण दुकानाच्या भिंतीवर टांगलेल्या दहा गिटारींत एक डावखुरी असेलच असं नाही. कोलमन स्ट्रीटवरचं पेनिन्सुला शॉपिंग सेंटर म्हणजे इथल्या गिटारवाल्यांची पंढरी. आमच्याकडून सिटी हॉल दोन स्टेशनं. दोन शनिवार आम्ही वारी केली. डावखुऱ्या गिटारी अगदीच नव्हत्या असं नाही. एक होती अगदी नवशिक्यांची, एक होती खिशाबाहेरची, आणि तिला हवी होती तशी, टेलिकास्टर धर्तीची, फक्त उजव्या हाताची.

"मग उजव्या हाताने शिकू दे की," असं बऱ्याच जणांनी सुचवलं. पहिले तिचे सर. त्यांचं म्हणणं टाकाऊ नव्हतं. पियानो काही डावखुरा मागवत नाहीत, ऑर्केस्ट्रातले सगळे व्हायोलिनवाले एकाच हाताने गज ओढतात, आणि गिटारीत डाव्या हाताच्या बोटांनाही भरपूर काम असतंच. शिवाय उजवी गिटार शिकलं की कुणाचीही उचलून वाजवता येते. आपल्याला क्रिकेटच्या भाषेत लवकर कळतं: सचिन लिहितो डाव्या हाताने, पण बॅट धरली उजव्या हाताची. उलट सौरव गांगुली मुळात उजवा, पण मोठ्या भावाचं किट वापरता यावं म्हणून डावरा बॅट्समन झाला. म्हणजे हात कुठला, हे कधी कधी घरात सामान कुठलं आहे ह्यावरच ठरतं.

दुसरं मत फोनवरून आलं, माझ्या आत्याचं. आत्या जन्माची डावखुरी. लहानपणी तिचा डावा हात बांधून उजव्या हाताने पाटी गिरवायला लावली होती. आज सत्तरी उलटून गेली तरी विळीवर भाजी चिरते ती डाव्याच हाताने, आणि सही करते उजव्या हाताने. मला वाटलं, म्हणेल, पोरीला सवय लाव. ती म्हणाली, "अरे, पाटीला डावं-उजवं काही नसतं, तरी मला बांधलं. गिटारीला असतं म्हणतोस ना? मग दुसरी आण."

तरी तीन महिने लेकीने उसन्या उजव्या गिटारीवर प्रामाणिकपणे घालवले. बोटं पडायची, सूर लागायचे, पण ताल उजव्या हातात उतरेना. टेबलावर ठेका धरताना पुढाकार डाव्या हाताचा, आणि गिटार हातात घेतली की तोच हात दांडीला बांधल्यासारखा. तेव्हा ठरलं. (प्रसाद मात्र उजव्याच हातावर घ्यायचा, हा आजीचा कायदा अबाधित आहे.)

आता गिटार सुट्या भागांत मिळते कशी? ह्याचं श्रेय लिओ फेंडरला. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी ह्या गृहस्थाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण दुरुस्ती करणाऱ्याचं डोकं असं की १९५० साली बाजारात आणलेल्या गिटारीची दांडी त्याने सरसाने न चिकटवता चार स्क्रूंनी बसवली. दांडी खराब झाली? काढा आणि दुसरी लावा. ही गिटार आधी ब्रॉडकास्टर आणि १९५१ पासून टेलिकास्टर म्हणून विकली गेली. मापं ठरलेली असल्यामुळे पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेत नुसते भाग बनवून विकणाऱ्यांचा वेगळा धंदाच उभा राहिला. एडी व्हॅन हेलनने आपली प्रसिद्ध 'फ्रँकनस्टाइन' गिटार ५० डॉलरची बॉडी आणि ८० डॉलरची दांडी घेऊन जुळवली, आणि १९७८ सालच्या पहिल्या अल्बममध्ये ती वाजवून जगाला वेड लावलं.

आम्ही मागवलेलं सामान असं: अल्डर लाकडाची बॉडी, मेपलची दांडी, सहा खुंट्या, घोडी, दोन पिकअप, आवाजाचं आणि टोनचं बटण, पिकअप निवडायचा स्विच, जॅक आणि तारा. ह्यातलं डावखुऱ्यासाठी वेगळं काय, ही यादी आधी कागदावर करावी. बॉडी आरशातली हवी, हे उघड आहे. पण खुंट्यांचा संच, तिरका पिकअप बसणारी घोडी, तारा ज्या खाचांतून जातात तो नट (सतारीचं तारगहन समजा) आणि दांडीच्या कडेवर वाजवणाऱ्याला दिसणाऱ्या ठिपक्यांची बाजू, हे सगळंच उलटं लागतं. दुसरं, इंच आणि मिलिमीटर ह्यांचं भांडण. अमेरिकन भाग इंचात, आशियाई बहुतेक मिलिमीटरमध्ये. बटणाचा दांडा एका पद्धतीचा आणि पत्र्यावरचं भोक दुसऱ्या पद्धतीचं असलं की झालं. शक्यतो सगळं एकाच मापाचं घ्या.

दांडीवर पडदे बसवलेली काळसर पट्टी आहे ती आपल्या शिसवीची, जिला जग इंडियन रोझवूड म्हणतं. आजोळच्या वाड्यातला पलंग ह्याच लाकडाचा होता. भारतातलं झाड, अमेरिकेत घडवलेली दांडी, सिंगापुरात डिलिव्हरी! ह्या प्रवासाला मध्यंतरी अडथळा होता. २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या सगळ्या कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारानुसार परवान्याखाली आला, आणि गिटारवाल्यांची तारांबळ उडाली. कित्येकांनी दुसरं लाकूड वापरायला सुरुवात केली. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यं आणि वाद्यांचे तयार भाग ह्यांना सूट मिळाली. म्हणून आता तयार दांडी मागवता येते. कच्ची फळी मागवायचा विचार असेल तर मात्र कागदपत्रं लागतात.

जोडणीतलं सगळ्यात नाजूक काम म्हणजे दांडी बॉडीत बसवणं. खाच साधारण ५६ मिलिमीटर रुंद असते. एका ऑनलाइन विक्रेत्याने पाठवलेल्या बॉडीच्या खाचेत रंगाचा थर साचलेला होता, त्यामुळे दांडी तळाला टेकेना. बायको म्हणाली, ठोक. तसं करायचं नसतं, रंग तडकतो. पॉलिश पेपरने कडा हळूहळू घासायच्या आणि दर दोन मिनिटांनी बसवून पाहायचं. लेकीने अर्धा तास तेच केलं. दांडी नीट टेकली की भोकं पाडायच्या आधी दोन टोकाच्या तारा खुंटीपासून घोडीपर्यंत ताणून बघायच्या. दोन्ही बाजूंना दांडीच्या कडेपासून सारखं अंतर पडलं पाहिजे. नाहीतर एक तार वाजवताना कडेवरून घसरते, आणि ते पुढे कशाने सुधारत नाही. मेपल दगडासारखं कठीण असतं. आधी योग्य जाडीचं भोक पाडून, स्क्रूला मेण लावून मगच पिळायचं.

मग घोडी. नटपासून घोडीपर्यंत तारेची वाजणारी लांबी ह्या गिटारीत ६४८ मिलिमीटर. बाराव्या पडद्यावर सूर बरोबर एक सप्तक वर जातो, म्हणजे नट ते बारावा पडदा ३२४ मिलिमीटर, आणि तिथून घोडी तेवढीच, शिवाय एक-दोन मिलिमीटर जास्त. कारण तार दाबली की ती किंचित ताणली जाते आणि सूर चढतो. त्याची भरपाई मागे सरकवून करायची. बाराव्या पडद्यावर नुसता स्पर्श करून मिळणारा सूर आणि दाबून मिळणारा सूर ताडून बघायचा. दाबलेला चढा असेल तर त्या तारेखालचा घोडीचा तुकडा मागे. हे काम लेकीच्या कानाने केलं, मी फक्त स्क्रू फिरवले.

वायरिंगमध्ये एक गोष्ट डावखुऱ्यांच्या आई-बापांनी लक्षात ठेवावी. आवाजाचं बटण आतून सरळ रेषेत वाढत नाही. कानाला सारखी वाढ वाटावी म्हणून ते सुरुवातीला सावकाश आणि शेवटी भरभर चढतं. डावखुऱ्याला उलट्या दिशेला फिरवून आवाज मोठा करायचा असतो. नेहमीचंच बटण नुसत्या वायरी उलटवून जोडलं, तर जरासं फिरवताच आवाज जवळजवळ पूर्ण चढतो आणि पुढचं अख्खं वळण फुकट जातं. आमच्या पाकिटात नेमकी नेहमीचीच बटणं निघाली. उलट चढणीचं २५० किलोओहमचं बटण वेगळं मागवावं लागलं. लहान वस्तू वाटते, पण रोज हाताखाली तीच येते. सोल्डरिंगचं बाकी किरकोळ सामान सिम लिम टॉवरमध्ये आणलं. घोडीखालून जाणारी अर्थची तार जोडायला विसरू नका. ती नसली की पिकअप आजूबाजूच्या विजेची घरघर ओढून घेतो.

हवेचंही बघावं लागतं. सिंगापूरची सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर, आणि आपल्या खोलीत रात्रभर एसी. लाकूड फुगतं, आकसतं. सहा तारांचा मिळून सुमारे ४५ किलोचा ताण दांडी सोसत असते. तिच्या आत एक लोखंडी सळई असते. ती एका वेळी पाव वळणापेक्षा जास्त फिरवायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. गिटार एसीच्या झोताखाली ठेवायची नाही.

आता पैशाचं, कारण आपण मराठी माणसं! पोस्टेज आणि जीएसटी धरून साडेनऊशे सिंगापूर डॉलर झाले आणि चार शनिवार-रविवार गेले. जीएसटी २०२४ पासून ९ टक्के आहे, आणि १ जानेवारी २०२३ पासून बाहेरून येणाऱ्या चारशे डॉलरच्या आतल्या मालालाही तो लागतो, तेव्हा तुकड्या-तुकड्यांनी मागवून वाचेल ह्या भ्रमात राहू नका. विकायला गेलात तर अशा गिटारीला फारसं कोणी विचारत नाही. पैसे वाचवायचे असतील तर उजव्या हाताच्या मुलांसाठी तयार गिटारच घ्या. हा उपद्व्याप बाजारात जे मिळत नाही त्याच्यासाठी आहे.

हे काही पाश्चात्त्यांचं खूळ नाही. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, लाकूड दुसरीकडचं. पण हे सगळं आणून ठेवलं म्हणजे तंबोरा होत नाही; जवारी काढणारा हात लागतो. आणि तंबोरा बायकांच्या आवाजाचा वेगळा, पुरुषांच्या आवाजाचा वेगळा. गाणाऱ्याला वाद्याच्या मापात कोंबायचं नाही, हे आपल्या कारागिरांना दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे.

सरांनीही हात जोडून हरकत मागे घेतली. आता दोघं समोरासमोर बसतात, आणि ती त्यांना आरशातल्यासारखी दिसते. तिला म्हणे उलट सोपं जातं. त्यांचा हात जिकडे जातो तिकडेच तिचा. आत्याला व्हिडिओ पाठवला. तिने गाण्याबद्दल काही लिहिलं नाही. "हात मोकळा दिसतोय," एवढंच.

कोणाच्या घरी डावखुरं मूल वाद्य शिकत असेल, तर आधी तीन महिने उसन्या वाद्यावर दोन्ही बाजूंनी वाजवू द्या आणि ठेका कुठला हात धरतो ते बघा. सरांनी किंवा आपण ठरवण्यापेक्षा ते बरं. मग गरज पडलीच तर मापांची यादी माझ्याकडे तयार आहे, विचारा. पास रिन्यू नाही झाला आणि गाशा गुंडाळावा लागला, तर आपल्या जातीच्या लोकांसाठी एक फायदा आणखी आहे: चार स्क्रू काढले की ही गिटार सुटकेसमध्ये मावते.