बैलाच्या शिंगाचा कर्करोग : वेळीच ओळखा

वऱ्हाडात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी होते आणि सणासाठी शिंगे साळून रंगविली जातात. त्याच वेळी शेतकरी बंधूंनी शिंगांच्या मुळाशी हात फिरवून पाहावा. शिंगाचा कर्करोग बहुधा बैलांनाच, तोही पाच ते दहा वर्षांच्या, म्हणजे ऐन कामाच्या वयात जडतो. गायींत तो क्वचितच आढळतो.

बाह्य लक्षण हे पुष्कळदा आतील रोगाची सूचना असते. मांजराच्या पोटावरील केस झपाट्याने गळून कातडी चकचकीत दिसू लागली, तर स्वादुपिंडाच्या कर्करोगाची शंका घ्यावी लागते. बैलाचे शिंग कलणे ही तशीच सूचना होय. शिंगातील पोकळी कपाळाच्या हाडातील पोकळीशी व तेथून नाकाशी जोडलेली असते. रोग या पोकळीच्या अस्तरात सुरू होतो. म्हणून प्रारंभी वरून जखम दिसत नाही.

पुढील लक्षणांकडे लक्ष द्यावे : बैल वारंवार डोके झटकतो, शिंग झाडास वा दावणीस घासतो. शिंगाचे मूळ गरम व दुखरे लागते. शिंगावर टिचकी मारल्यास पोकळ आवाजाऐवजी बद्द आवाज येतो. त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येतो. पुढे शिंग कलते, हलू लागते व अखेर गळून पडते. तेथे फुलकोबीसारखी गाठ दिसते व तीत अळ्या पडतात.

खच्चीकरणाने होणारा शरीरातील बदल, प्रखर ऊन आणि शिंगास वारंवार होणारे घर्षण व इजा ही या रोगाची कारणे मानली जातात. यास्तव शिंगे खोलवर साळू नयेत व दोर शिंगास काचू देऊ नये.

डाग देणे किंवा झाडपाल्याचा लेप लावणे यांत मोलाचा काळ वाया जातो. प्रारंभीच पशुवैद्यकाकडून भूल देऊन शिंग मुळापासून काढून घेतल्यास बैल पुन्हा कामास लागू शकतो. विलंब झाल्यास रोग कपाळात पसरतो व शस्त्रक्रियेनंतरही उलटतो. हा रोग संसर्गजन्य नाही. तेव्हा जोडीच्या बैलास भय नाही.

ग्रामसेवकांनी संशयित बैल त्वरित जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवावा अथवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. अकोला येथील स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेतही उपचाराची सोय आहे. खांदशेकणीच्या दिवशी घटकाभर केलेली ही तपासणी रब्बीच्या पेरणीपूर्वी बैलजोडी मोडण्याचे संकट टाळू शकेल.