फ्लाय-इनचं बोलावणं म्हणजे प्रवेश नव्हे

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या घरात अमेरिकेतल्या मावसभावाची बातमी येते: कॉलेजनं विमानाचं तिकीट पाठवलं, तीन दिवस ठेवून घेतलं, सगळा खर्च त्यांचाच. इथला बारावीचा मुलगा लगेच विचारतो, "मला अर्ज करता येईल का?" प्रश्न रास्त आहे. पण उत्तरं भलत्याच माणसांकडून मिळतात आणि त्यात घरचा पैसा जातो, म्हणून नीट सांगायला हवं.

या भेटींना तिकडे फ्लाय-इन म्हणतात. कॉलेज बारावीच्या मुलांना स्वखर्चानं बोलावतं, होस्टेलवर उतरवतं, वर्गात बसू देतं, आर्थिक मदत देणाऱ्या विभागाशी गाठ घालून देतं. कमी उत्पन्नाच्या घरांतली, खेड्यांतली, घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत जाणारी मुलं यात प्रामुख्यानं धरलेली असतात. 'विंडोज ऑन विल्यम्स' आणि 'एक्सप्लोर बोडोइन' ही त्यातली ओळखीची नावं.

पहिला गैरसमज असा की अर्ज कुठूनही चालतो. बहुतेक फ्लाय-इन अमेरिकेतल्या शाळांत शिकणाऱ्या मुलांपुरते असतात, काही तर फक्त तिथल्या नागरिकांसाठी आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी. आईवडिलांच्या नोकरीमुळे एच-4 व्हिसावर असलेल्या मराठी मुलांना काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही. कोल्हापुरातून अर्ज करणाऱ्याला ऑनलाइन माहिती सत्रं मिळतात, तिकीट सहसा नाही.

निवड झाली म्हणजे प्रवेश पक्का, हाही गैरसमजच. प्रवेशाचा अर्ज पुढे वेगळा भरावा लागतो आणि भेटीला बोलावलेल्यांनाही नकार येतो. उलट बाजूनं, कॅम्पस न पाहिल्यामुळे अर्ज कच्चा पडेल ही भीतीही नको. एमआयटी तर तुम्ही येऊन गेलात की नाही हे प्रवेश देताना धरतच नाही.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज पैशाचा. "फ्लाय-इनला नंबर लावून देतो, प्रोसेसिंगचे एवढे द्या," असं कुणी म्हणालं तर तिथून उठावं. खऱ्या फ्लाय-इनच्या अर्जाला फी नसते, अर्ज कॉलेजच्याच संकेतस्थळावर भरायचा असतो. पैसे भरून काढलेली 'कॅम्पस टूर' ही सहल असते. हौस असेल तर जावं, प्रवेशासाठी कर्ज काढून जाऊ नये. त्यापेक्षा कष्ट आर्थिक मदतीच्या अर्जावर घ्यावेत. एमआयटी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, अ‍ॅम्हर्स्ट, बोडोइन ही कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याचीही ऐपत न बघता निवड करतात आणि निवडल्यावर घराला न झेपणारा खर्च उचलतात. प्रवेश अतिशय अवघड आहे, पण फौंड्रीतल्या पगारावर चालणारं घर आहे म्हणून तिथे कुणी दार लावत नाही. पगारपत्रकं आणि उत्पन्नाचे कागद मात्र चोख लागतात.

निबंधाबद्दलही चुकीचं सांगतात: गरिबी रंगवा, इंग्रजी भारी वापरा. वाचणाऱ्याला मुलगा कळायला हवा. वडील फौंड्रीत फेटलिंगला आहेत, रात्रपाळी असली की धाकट्या बहिणीचा अभ्यास तू घेतोस, कास्टिंगला ब्लोहोल का पडतात हे तू त्यांना विचारून वहीत काढलंस, एवढं साध्या इंग्रजीत लिहिलं तरी वाचणाऱ्यासमोर तू उभा राहतोस.

आता इथलं. बहुतेक मुलं शेवटी महाराष्ट्रातच शिकणार, आणि इथे समज असा की कॉलेजला जाऊन "साहेबांना भेटलं" की जागा मिळते. इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाच्या म्हणजे कॅपच्या फेऱ्या राज्याचा सीईटी सेल घेतो. तिथे गुण, आरक्षण आणि पसंतीक्रम यावर जागा ठरते, ओळखीवर नाही. ठरलेल्या फीवर देणगी मागणं 1987 च्या कॅपिटेशन फी प्रतिबंध कायद्यानं गुन्हा आहे.

तरीही कॉलेज बघून यावंच, कारण पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज मिळालं तर ती जागा पक्की धरली जाते आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात. न बघितलेलं कॉलेज एक नंबरला टाकणं म्हणूनच धोक्याचं. आपल्याला विमान लागत नाही. 1947 पासूनचं सांगलीचं वालचंद एसटीनं एका दिवसात बघून होतं. पुण्याचं सीओईपी बघायचं तर पहाटे निघावं लागतं. गेल्यावर इमारतीच्या काचा बघू नका. वर्कशॉपमधल्या लेथवर आज काम चाललंय का ते बघा, शिरोलीच्या पोराला ते एका नजरेत कळतं. एनबीएचं मानांकन अख्ख्या कॉलेजला नसतं, शाखेला असतं आणि ठरावीक मुदतीचं असतं, तेव्हा आपल्या शाखेची तारीख विचारा. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये गाठा. मेस, होस्टेल आणि प्लेसमेंटचं खरं तेच सांगतात. कामाच्या दिवशी जा आणि ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी जा.