रानहंसांचा पाठलाग

निष्फळ शोधाला इंग्रजीत ‘रानहंसांचा पाठलाग’ असे म्हणतात. रानहंस अतिशय सावध पक्षी असल्याने हा वाक्प्रचार शिकारीतून आला असावा, असे सहज वाटते. परंतु त्याचे मूळ घोड्यांच्या शर्यतीत आहे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये या नावाची एक शर्यत प्रचलित होती. पुढे गेलेला स्वार मन मानेल तिकडे घोडा पिटाळी आणि इतरांना ठरावीक अंतर राखून त्याच्या मागोमाग जावे लागे. म्होरक्यामागून उडणाऱ्या हंसांच्या थव्यासारखाच हा प्रकार होता. १५९७ साली छापल्या गेलेल्या शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये हा शब्दप्रयोग शाब्दिक कोट्यांच्या चढाओढीला उद्देशून येतो, तेथे शोधाचा प्रश्नच नाही. पुढे शर्यत विस्मरणात गेली, नाव मात्र उरले आणि त्याला नवा अर्थ चिकटला.

आजच्या वापरात, शोधली जाणारी वस्तू मुळात नसते किंवा हाती येण्याजोगी नसते. पुष्कळदा दुसऱ्या कोणी तरी शोधणाऱ्याला त्या वाटेला लावलेले असते. ‘गवताच्या गंजीत सुई शोधणे’ याहून निराळे. तेथे सुई असतेच, श्रम मात्र अपार पडतात. आपले ‘मृगजळामागे धावणे’ पहिल्या अर्थाच्या जवळ जाते. परंतु मृगजळाला भुलणारा स्वतःच फसतो, त्याला कोणी पाठविलेले नसते. भाषांतरकाराने हा भेद ध्यानात ठेवावयास हवा.

इतिहासात या दोन्ही प्रकारांची उदाहरणे आढळतात. ऐकीव कथांवर विसंबून वॉल्टर रॅले १५९५ मध्ये दक्षिण अमेरिकेत सुवर्णनगरी शोधावयास गेला. ती नगरी अस्तित्वातच नव्हती. १६१७ मध्ये सोन्याच्या खाणीच्या आशेने तो पुन्हा तेथे गेला. त्या मोहिमेत त्याचा मुलगा मारला गेला आणि परतल्यावर, १६१८ मध्ये, त्याचा पूर्वीचा देहदंड अंमलात आला. उलट, कॅनडाच्या उत्तरेकडील सागरी मार्गाच्या शोधात शतकानुशतके जहाजे व माणसे नष्ट झाली. तरी १८५०च्या दशकात तो मार्ग असल्याचे सिद्ध झाले आणि १९०६ साली अमुंडसेनने तो जहाजाने पार केला.

म्हणून केवळ अपयश पाहून एखाद्या शोधाला ‘रानहंसांचा पाठलाग’ म्हणणे योग्य नव्हे. अपयश सुई शोधणाऱ्याच्याही वाट्याला येते. इष्ट वस्तू आहे असे मानण्यास आधार कोणता, हे आधी पाहावे. नाव त्यानंतर द्यावे.